ईस्टचं स्टेशन

सेवाग्राम स्टेशनाला आमचे आबाजी शेवटपर्यंत ‘ईस्ट’च म्हणत. ‘ईस्टले रात्रपाळी हाये’, ‘ईस्टवरून पायी आलो’, ‘ईस्टच्या फाटकाशी बंडी अडकली होती’, अशी वाक्यं घरात रोज कानावर पडत. वर्धा ईस्ट हे त्या स्टेशनाचं जुनं नाव. फलाटावरची पाटी बदलली, तिकिटावरचं नाव बदललं, तरी गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ते तसंच राहिलं. मुख्य वर्धा स्टेशनापासून नागपूरच्या अंगाला तीनेक किलोमीटर गेलं की हे स्टेशन लागतं. एका जिल्ह्याच्या गावाला इतक्या जवळजवळ दोन मोठी स्टेशनं कशाला, असं बाहेरून आलेले पाहुणे हमखास विचारत, आणि आबाजी त्या प्रश्नाची वाटच पाहत असत.

ते अंगणात काडीनं आकृती काढत. एक आडवी रेघ, ती मुंबई-नागपूर. त्या रेघेवर एक ठिपका, ते वर्धा. वर्ध्यापासून खाली दक्षिणेकडे जाणारी दुसरी रेघ, ती हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर करत बल्लारशाला. “आता पाहा,” ते म्हणत, “नागपुराहून निघालेल्या गाडीले मद्रासले जायचं हाये. ते वर्ध्यात शिरली तं तिचं तोंड मुंबईकडं होते. मग इंजिन सोडा, मागच्या टोकाले न्या, जोडा, ब्रेक तपासा. तेवढ्यात मागची गाडी आउटरले उभी.” एवढं झालं की नागपूरच्या रेघेवर वर्ध्याच्या थोडं अलीकडं ते काडी टेकवत आणि तिथून बल्लारशाच्या रेघेला तिरपी जोड देत. अंगणात एक त्रिकोण तयार होई. त्रिकोणाच्या त्या टोकावर बोट ठेवून म्हणत, “हे आमचं ईस्ट.”

दिल्लीहून दक्षिणेत जाणाऱ्या गाड्यांना वर्धा शहरात न शिरता परस्पर वळता यावं, अशा जागी हे स्टेशन आहे. गाड्यांच्या सोयीची ही जागा पुढं माणसांच्या इतक्या मोठ्या गरजेची झाली, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे, आणि म्हणूनच हे सगळं लिहून ठेवावंसं वाटतं.

वर्धा हे गावच मुळी रेल्वेच्या बरोबरीनं वसलेलं. नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला तो १८६२ मध्ये. पहिलं मुख्य ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडी नावाच्या वस्तीशी हलवलं आणि तिथं आखीव रस्त्यांचं नवं शहर उभं राहिलं. लगेच दुसऱ्या वर्षी, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, बडनेरा, पुलगाव, वर्धा करत नागपूरला पोचली. ‘जीआयपी’ हा शब्द आबाजी अजूनही जिवंत असलेल्या वडीलधाऱ्याचं नाव घ्यावं तसा घेत. ते नोकरीला लागले तेव्हा पगार जीआयपीचाच होता. मध्य रेल्वे झाली ती १९५१ मध्ये.

त्यांचे वडील हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला होते, आणि त्यांच्याकडून आलेल्या गोष्टी सगळ्या कापसाच्या. हिंगणघाटचा कापूस रेल्वे येण्याआधीच नावाजलेला होता. रूळ नव्हते तेव्हा नागपूर-वऱ्हाडाचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. तांडा निघाला की महिनोन्‌महिने वाटेवर. पावसात कापूस भिजे, धुळीनं काळा पडे, निम्मं वजन कचऱ्याचं होई. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा डोळा आपल्या काळ्या मातीवर आला. नागपूरपर्यंतचे रूळ ज्या तातडीनं पडले त्यामागं हा कापूस होता. नंतर हिंगणघाटला, पुलगावला गिरण्या निघाल्या. नागपूरची टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली.

वर्ध्याहून खाली जाणारी शाखा मात्र कापसापेक्षा कोळशासाठी आली. वरोऱ्याला कोळशाची खाण सापडली होती आणि इंजिनांना कोळसा हवा होता. वाटेत हिंगणघाट लागत होतं, त्यामुळं रूळांना दोन्ही ओझी मिळाली. आबाजींच्या वडिलांनी पाहिलेलं हिंगणघाटचं स्टेशन त्यांच्या शब्दांत असं होतं: दिवाळीनंतर बंड्यांची रांग मालधक्क्यापासून गावाबाहेरपर्यंत, बैल सोडून गाडीवान बंडीखालीच निजलेले, आणि सरकीच्या वासात मिसळलेला कोळशाचा धूर. दाबून बांधलेल्या गठाणी वॅगनमध्ये चढवायला माणसं खांद्याला गोणपाट बांधत. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांवर कापसाची कूस असे, आणि ती झाडल्याशिवाय त्यांची आई जेवायला वाढत नसे.

वरोऱ्याची ती खाण १९०६ मध्ये बंद झाली, बल्लारपूरकडच्या खाणी वाढल्या, आणि शाखा तिकडं सरकत गेली. खरी कलाटणी १९२९ ची. त्या वर्षी निजामाच्या रेल्वेनं काझीपेठ ते बल्लारशा हा तुकडा पुरा केला आणि दिल्ली ते मद्रास अशी सरळ वाट जोडली गेली. कोळशाची शाखा देशाच्या मुख्य मार्गावर आली. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस त्याच सालातली. आमच्याकडं तिला कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. जीटी. ‘जीटी गेली का?’ हा प्रश्न वर्ध्यात घड्याळ विचारण्यासारखा विचारत.

आजीच्या गोष्टी वेगळ्या. ती सेवाग्रामच्या शेजारच्या वरूडची. तिच्या लहानपणी सेवाग्रामचं नाव शेगाव होतं, आणि ते काही कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्याला राहायला आले होते. ३० एप्रिल १९३६ ला ते पायी शेगावात आले. “म्हातारा मनुष्य काठी घेऊन भरभर चालून राहिला होता, आन्‌ मागं मोठमोठी माणसं धापा टाकत होती,” एवढं एक चित्र तिच्या डोक्यात पक्कं होतं. त्या दिवसाचं की नंतरच्या एखाद्या दिवसाचं, यावर तिनं कधी वाद घातला नाही.

तिच्या आठवणीतली वाट मात्र मला अगदी स्पष्ट दिसते. वर्ध्याहून निघून रूळ ओलांडले की पुढं काळ्या मातीची गाडीवाट. उन्हाळ्यात घोट्यापर्यंत फुफाटा, पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत चिखल. टांगा रुतला की आतल्या पाहुण्यांनी उतरून चालायचं. वरूडची पोरं रस्त्याकडंला बसून कोण कसा चालतो ते पाहत. कुणी गोरा साहेब बूट हातात घेऊन येई, कुणी परदेशी बाई साडीत असे. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई वर्ध्याच्या मगनवाडीत राहत आणि शेगावपर्यंत रोज पायी येऊन पायीच परत जात, वैशाखातसुद्धा. वर्ध्याचा वैशाख ज्यानं अंगावर घेतला आहे त्याला यापुढं वेगळं सांगावं लागत नाही.

देशाचं राजकारण काही वर्षं वर्धा स्टेशनावर उतरत होतं. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्यात होत. इंग्रजांनी निघून जावं अशी मागणी करणारा ठराव १४ जुलै १९४२ ला इथंच झाला आणि त्यावरूनच पुढं ऑगस्टमध्ये मुंबईत ‘छोडो भारत’ घुमलं. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, जूनच्या उकाड्यात, लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार गांधीजींकडं आठवडाभर राहून गेला. तोही वर्ध्याला उतरून टांग्यानं आश्रमात पोचला होता. स्टेशनाबाहेरच्या टांगेवाल्यांना विदेशी माणूस दिसला की ‘कुठं जायचं’ हे विचारावंच लागत नसे, असं आजी सांगे.

आमच्याकडच्या शेगावचं नाव बदललं तेही टपालापायी आणि रेल्वेपायी. याच भुसावळ-नागपूर मार्गावर बुलडाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव आहे. गांधीजींची पत्रं तिकडं जात, शेगावची इकडं येत. त्या घोटाळ्याला कंटाळून १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव घेतलं गेलं. आजी हे सांगताना शेवटी न चुकता जोडायची की आमच्या वरूडचं नाव कुणी बदललं नाही, कारण आम्हाला पत्रंच येत नव्हती.

गांधीजी सेवाग्रामहून दिल्लीला शेवटचे निघाले ते २५ ऑगस्ट १९४६ ला. पुढं नोआखाली, बिहार, कलकत्ता, दिल्ली. परत येणं झालंच नाही. आबाजी तेव्हा वर्ध्याच्या यार्डात नवे खलाशी होते. ‘त्या गाडीले मी बत्ती दाखवली’ असं ते म्हणत. हा इतिहास म्हणून मी मांडत नाही. वर्ध्याच्या जुन्या रेल्वेवाल्यांपैकी अनेकांनी ती बत्ती दाखवलेली आहे. प्रत्येकाच्या नातवानं ती गोष्ट ऐकलेली आहे, आणि मला त्या सगळ्याच खऱ्या वाटतात. माणूस परत आला नाही म्हटल्यावर त्याला निरोप देणाऱ्यांत आपण असावं, असं कुणाला वाटणार नाही?

पुढं आबाजी ईस्टच्या कॅबिनमध्ये आले. त्या कॅबिनमध्ये मी लहानपणी डबा घेऊन गेलो आहे. लाकडी जिना चढून वर गेलं की तिन्ही बाजूंना काचा आणि मधोमध लिव्हरांची रांग. रंगावरून काम कळे: थांबण्याच्या सिग्नलची लाल, सांध्यांची काळी, सांधा कुलूपबंद करणारी निळी, आणि ज्यांना कामच नव्हतं त्या पांढऱ्या. लिव्हरच्या मुठी चांदीसारख्या घासलेल्या. त्यांना उघडा हात लावायचा नाही हा तिथला पहिला नियम, कारण घामानं गंज चढतो. आबाजींच्या खांद्यावर कायम एक फडकं असे. ते मुठीवर टाकायचं, एक पाय खाली चौकटीला टेकवायचा आणि सगळं अंग मागं झोकून ओढायचं. खालून तार सरसरत जाई, आणि लांब कुठंतरी सिग्नलचा हात खाली पडे. तो पडलेला दिसेपर्यंत ते बोलत नसत. मी काही विचारलं तर फक्त बोट वर करत.

बल्लारशाकडची वाट तेव्हा एकेरी होती. एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून टोकन लागे. लोखंडी गोळा, चामड्याच्या पिशवीत, आणि पिशवी एका मोठ्या कड्याला. गाडी न थांबता जाणार असेल तर पॉइंट्समन ते कडं उंच धरून रुळाकडंला उभा राही आणि फायरमन दांड्याला लोंबकळून हात त्यात घाली. एक कडं गाडीत जाई, आधीच्या टप्प्याचं कडं खाली पडे. रात्री पावसात, एका हातात मशाल आणि दुसऱ्यात कडं, हे काम आबाजींनी केलेलं होतं. त्यांच्या उजव्या दंडावर त्याची एक लांब खूण होती. ‘गोळा ज्याच्याकडं, रूळ त्याचा’, एवढ्या एका शिस्तीवर शेकडो माणसं त्या अंधारातून सुखरूप जात. आता सगळं विजेवर आणि पडद्यावर आहे. ते चांगलंच आहे. माणसाच्या दंडावर आता अशी खूण राहत नाही.

जिल्ह्यातली धाकटी रेल्वे सांगितल्याशिवाय आजीचं मन भरत नसे, कारण तिची बहीण आर्वीला दिली होती. पुलगाव ते आर्वी, अडीच फुटी रुळांची पस्तीसेक किलोमीटरची गाडी, १९१७ मध्ये सुरू झालेली. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, कारभार किलिक निक्सन या इंग्रजी पेढीचा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला आणि ही एकाच घरातल्या. सोरटा, विरूळ, रोहणा अशी तिची गावं. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाया, कापसाच्या गठाणी, बाजाराची माणसं, सगळं एकाच गाडीत. आता ती धावत नाही.

सेवाग्राम स्टेशनाचं खरं आजचं रूप मला आत्यानं दाखवलं. ती कस्तुरबा रुग्णालयात परिचारिका होती. आश्रमातल्या छोट्या दवाखान्यातून डॉ. सुशीला नायर यांनी ते रुग्णालय वाढवलं आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. खेड्यात उभं राहिलेलं वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते देशभर ओळखलं गेलं. वर्धा-यवतमाळची माणसं एसटीनं येत. पण चंद्रपूर, गडचिरोली, आसिफाबाद, आदिलाबाद भागातून येणाऱ्यांना रेल्वे हीच सोयीची वाट, आणि त्यांच्या नागपूरकडं जाणाऱ्या गाड्या वर्धा मुख्य स्टेशनात शिरतच नाहीत. त्या ईस्टला थांबतात.

गाड्यांचा वेळ वाचावा अशा जागेवरचं स्टेशन असं दुखणाइतांचं स्टेशन झालं. रात्री अडीच-तीनला एखादी गाडी लागते, आणि डब्यातून आधी एक गाठोडं खाली येतं, मग एक म्हातारी, मग तिला धरलेला मुलगा, आणि मुलाच्या हातात एक्स-रेची मोठी पिवळी पाकिटं. अशी माणसं ओपीडी उघडेपर्यंत फलाटावर थांबतात. आत्या पहिल्या पाळीला जाताना मुद्दाम स्टेशनावरून जाई. तिला थोडी तेलुगू येत होती, सगळी रुग्णांकडून उचललेली. “एक्कड नोप्पी?”, म्हणजे कुठं दुखतं, हे तिचं पहिलं वाक्य. समोरचा माणूस आपल्या भाषेतला हा प्रश्न ऐकून जो काही चेहरा करी, तो पाहिल्यावर स्टेशनाची सोय म्हणजे काय हे मला कुणी समजावण्याची गरज उरली नाही.

पूर्वी सोय म्हणजे पत्र्याची शेड, दोन-तीन बाक आणि रांजण. उन्हाळ्यात गाडी लागली की बादल्या-पेले घेऊन खिडक्यांपाशी धावणारी मंडळी असत. तहानेल्या डब्यांतून शेकडो हात बाहेर येत. आज संगणकावरचं आरक्षण आहे, प्रतीक्षालय आहे, पूल आहे, मराठी-हिंदी-इंग्रजीतून घोषणा आहेत. मुंबईहून येणारी सेवाग्राम एक्स्प्रेस आहे. १९९७ मध्ये वर्ध्यासाठी महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झालं, आणि पुढं उत्तरेकडची पोरंपोरी ट्रंका घेऊन इथंच उतरतात. अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीत सेवाग्राम आहे, वर्धा, पुलगाव आणि हिंगणघाटही आहेत. नागपूर आणि बल्लारशाकडं वाढीव मार्गांची कामं चालू आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा देवळीमार्गे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, आणि देवळीच्या म्हाताऱ्यांनी गावात पहिल्यांदा आगगाडी पाहिली.

या नव्या कामांबद्दल मला मनापासून आनंद आहे, आणि एक मागणीही आहे. इथली रचना करताना मोजमाप त्या एक्स-रेच्या पाकिटाचं घ्यावं. स्ट्रेचर पुलावरून न नेता फलाट बदलता यावा. चाकाची खुर्ची मागायला कुणाचा शोध घ्यावा लागू नये. प्रतीक्षालयात आडवं होता येईल एवढी जागा असावी, कारण तिथल्या अनेकांना बसवतच नाही. पहाटे रुग्णालयाकडं जाणारं वाहन ठरल्या दरात मिळावं. आणि बाहेर पडण्याच्या दारावर रुग्णालयाची वाट तेलुगूतही लिहिलेली असावी. दर्शनी भिंतीवर चरखा काढणं सोपं आहे, आणि तो जरूर काढावा. पण ज्या माणसाच्या नावानं ही सगळी वाट ओळखली जाते तो आश्रमात परचुरे शास्त्रींच्या कुष्ठाच्या जखमा स्वतः धूत असे, हे लक्षात ठेवून उरलेलं काम व्हावं.

आत्या आता निवृत्त आहे, गुडघ्यांनी थकली आहे, पण तिचा फोन नंबर बल्लारशापासून मंचेरियालपर्यंत कुणाकुणाकडं पोचलेला आहे. परवा मी बसलो होतो तेव्हा एक फोन आला. पलीकडचा मुलगा बापाला घेऊन निघणार होता आणि वर्धा स्टेशनाचं तिकीट मागत होता. आत्यानं त्याला आधी बापाचं जेवणखाण विचारलं, गोळ्या सकाळच्या की रात्रीच्या ते विचारलं, जुने कागद उशाशी ठेवायला सांगितलं, आणि मग आवाज चढवून म्हणाली, “वर्ध्याची वाट पाहू नको रे बाप्पा, ते गाडी वर्ध्यात जातच नाही. हिंगणघाट गेलं की बापाले उठव. चप्पल घालून दाराशी ये. सेवाग्रामले उतरजो, नाही तं नागपूरच येईल.”